भांडण दोन देशांचं, पत्रक संस्थेचं

पत्राचा गोषवारा:

एका आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्थेच्या कार्यकारिणीतल्या सदस्याचं हे पत्र आहे. मोठ्या कंपन्यांची सेवा जिथे पोचत नाही किंवा परवडत नाही, तिथल्या लोकांना आपलं वायरलेस नेटवर्क स्वतः उभारता यावं म्हणून ही संस्था मुक्त सॉफ्टवेअर बनवते. स्वयंसेवक अनेक देशांतले, पगारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. नोंदणी एका देशात आणि निधीही मुख्यतः तिथलाच. आता ज्या दोन देशांत संस्थेचे जुने स्वयंसेवक आहेत, त्यांच्यातच युद्ध पेटलंय. ज्या देशावर हल्ला झाला तिथल्या गटाची मागणी आहे, की संस्थेने नाव घेऊन निषेधाचं पत्रक काढावं आणि हल्लेखोर देशातून सॉफ्टवेअर डाउनलोड करणं बंद करावं. त्या दुसऱ्या देशातल्या एका अनुभवी मेंटेनरने (म्हणजे सॉफ्टवेअरच्या एखाद्या भागाची देखभाल करणाऱ्याने) खासगीत कळवलंय, की असं पत्रक निघालं तर आपल्या दारात पोलीस येतील. त्यातच वकील म्हणतात, की आर्थिक निर्बंधांमुळे याच मेंटेनरचं मानधन थांबवावं लागेल, कदाचित त्याचे अधिकारही काढावे लागतील. पत्रलेखकाने बैठकीत ‘आपली संस्था अराजकीय आहे’ असं सांगितलं, तेव्हा कोणीतरी संस्थेचंच दोन वर्षांपूर्वीचं पत्रक समोर ठेवलं. एका तिसऱ्याच देशातल्या इंटरनेटबंदीचा निषेध करणारं ते पत्रक होतं. ‘धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत झालीय. मला कोणाचीच बाजू घ्यायची नाही. खरी तटस्थता राखायची तरी कशी?’ असं ते विचारतात.

सल्ला:

तुमच्या पत्रात निषेधाच्या पत्रकाबद्दल दीड पान आहे आणि त्या मेंटेनरच्या मानधनाबद्दल दोन ओळी. मला हा क्रम उलटा वाटतो. पत्रक निघालं काय आणि न निघालं काय, युद्धावर त्याचा काडीचा परिणाम होणार नाही. त्या माणसाचं मानधन आणि त्याचे अधिकार मात्र तुमच्या हातात आहेत, आणि तिथे तुम्ही कसे वागता यावरून दोन्हीकडचे लोक तुमची संस्था जोखणार आहेत. तिकडे येतोच. आधी त्या बैठकीतल्या तुमच्या वाक्याचं बघू, कारण अर्धा गुंता तिथून सुरू झालाय.

‘आपण अराजकीय आहोत’ हे तुम्ही मनापासून बोललात, यात मला शंका नाही. पण संपर्काची साधनं वापरणाऱ्यांच्याच मालकीची असावीत असं मानणारी माणसं एकत्र आली आणि तुमची संस्था झाली. हा राजकीय विचार नाही, तर दुसरं काय आहे? तंत्रज्ञानातल्या संस्था असे निर्णय पावलोपावली घेत असतात, फक्त ते ‘तांत्रिक’ या खात्यावर मांडले जातात. मुक्त सॉफ्टवेअरचा परवानाच घ्या. ओपन सोर्सच्या प्रचलित व्याख्येत स्पष्ट कलमं आहेत, की परवान्याने कोणत्याही व्यक्तीविरुद्ध, गटाविरुद्ध किंवा कामाच्या क्षेत्राविरुद्ध भेदभाव करू नये. म्हणजे तुम्हाला न आवडणाऱ्या माणसालाही तुमचं सॉफ्टवेअर वापरू द्यायचं, हे आधीच ठरलेलं आहे. इंटरनेटची मानकं लिहिणाऱ्या आयईटीएफने मे २०१४ मध्ये आरएफसी ७२५८ हा दस्तऐवज काढला आणि सरसकट चालणारी पाळत हा इंटरनेटवरचा हल्ला समजून यापुढे मानकं रचली जावीत, असं त्यात लिहिलं. ही पाळत अमेरिकेची गुप्तचर यंत्रणा ठेवत होती, हे तेव्हा जगजाहीर होतं. रिस्क-व्ही या खुल्या प्रोसेसर-रचनेची संस्था २०२० मध्ये अमेरिकेतून उठून स्वित्झर्लंडला गेली, तीही हवापालटासाठी नव्हे. अमेरिका-चीन व्यापारयुद्धात सभासद अस्वस्थ झाले होते.

नकाशांच्या बाबतीत हे आणखी उघडं पडतं. ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी बनवलेल्या मुक्त नकाशाचा जुना नियम असा, की जमिनीवर जे आहे ते नकाशात दाखवावं, कागदावर दावा कोणाचा आहे ते नंतर बघावं. रस्ते, पूल, विहिरी यांच्यासाठी हा नियम झकास आहे. पण २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया ताब्यात घेतला आणि हाच नियम गळ्याशी आला. त्या वर्षी जूनमध्ये तात्पुरता तोडगा निघाला, की क्रिमिया दोन्ही देशांच्या हद्दीत दाखवायचा. नोव्हेंबर २०१८ मध्ये नकाशातल्या माहितीवरचे वाद सोडवणाऱ्या गटाने नियमावर बोट ठेवून तो फक्त रशियाच्या हद्दीत दाखवायचं ठरवलं. महिन्याभरात फाउंडेशनच्या संचालक मंडळाने तो निर्णय फिरवला. यात कोण बरोबर, यावर लोक आजही हमरीतुमरीवर येतात. पण नकाशा बनवणाऱ्याला ‘आम्ही रेषाच काढत नाही’ असं म्हणायची सोय नव्हती. तुमच्यापुढेही तोच पेच आहे. डाउनलोड चालू ठेवलं तरी तो निर्णय, बंद केलं तरी निर्णय.

म्हणून ‘अराजकीय’ हे विशेषण सोडून द्या. ते टिकत नाही, आणि कोसळतं तेव्हा तुमचा प्रामाणिकपणाही घेऊन जातं. त्या बैठकीत नेमकं तेच झालं.

एक गैरसमजही इथेच दूर करतो, कारण असं पत्र लिहिणाऱ्या बहुतेकांच्या मनात तो असतो. ‘आम्ही विनानफा संस्था, आम्हाला राजकारणावर बोलायला कायद्याने बंदी आहे.’ अमेरिकेत करसवलत मिळणाऱ्या धर्मादाय संस्थांना १९५४ पासून बंदी आहे ती निवडणुकीतल्या उमेदवारासाठी किंवा उमेदवाराविरुद्ध प्रचार करायची. एखाद्या प्रश्नावर मत मांडायला मनाई नाही. कायदे बदलण्यासाठी गाठीभेटी घेण्यावर मर्यादा आहे. इंग्लंडमध्येही धर्मादाय संस्था आपल्या उद्दिष्टांसाठी मोहीम चालवू शकते, पक्षाचं काम करू शकत नाही. काही देशांत नियम याहून बरेच कडक आहेत, परदेशी निधीवर चालणाऱ्या संस्थांसाठी तर फारच. तुमची नोंदणी कुठली ते तुम्ही लिहिलं नाहीत. वकिलांकडून ते लेखी घ्या. पण कायद्याने आपलं तोंड बांधलंय असं सांगून सुटका करून घेण्याआधी खरंच बांधलंय का, ते बघा.

आता तुमचा मूळ प्रश्न. तटस्थता राखायची कशी, हे कळायला ती कशासाठी राखायची हे आधी ठरावं लागतं. रेडक्रॉस चळवळीने १९६५ मध्ये व्हिएन्नात सात मूलतत्त्वं स्वीकारली, त्यांत तटस्थतेचा हेतू सरळ लिहिला आहे: सगळ्यांचा विश्वास टिकावा. हा विश्वास असेल तर आघाडीच्या दोन्ही बाजूंच्या जखमींपर्यंत आणि कैद्यांपर्यंत पोचता येतं, म्हणून रेडक्रॉस वादात पडत नाही. काही फ्रेंच डॉक्टरांना नायजेरियातल्या बियाफ्राच्या युद्धात हे मौन असह्य झालं आणि १९७१ मध्ये मेदसाँ साँ फ्राँतिएर ही संस्था उभी राहिली. ती उपचारात भेदभाव करत नाही, पण जे पाहिलं ते बोलते. दोन्ही संस्था युद्धभूमीवर काम करतात, दोघींवर लोक विश्वास ठेवतात. गप्प बसणं म्हणजे तटस्थता, हे समीकरण तिथेच ढासळतं.

तुमच्या क्षेत्रातलं याहून जवळचं उदाहरण २०२२ चं आहे. रशियाने २४ फेब्रुवारीला युक्रेनवर आक्रमण केलं. २८ तारखेला युक्रेन सरकारने आयकॅनला, म्हणजे इंटरनेटवरच्या डोमेन नावांचा आणि पत्त्यांचा ताळमेळ ठेवणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या विनानफा संस्थेला लिहिलं, की रशियाची ‘.आरयू’ आणि इतर राष्ट्रीय डोमेनं रद्द करा, तिथले रूट सर्व्हर (डोमेन नावं शोधून देणाऱ्या व्यवस्थेच्या मुळाशी असलेले संगणक) बंद करा. इंटरनेटवरच्या उपकरणांचे आकडी पत्ते, म्हणजे आयपी पत्ते, वाटून त्यांची नोंद ठेवणाऱ्या ॲमस्टरडॅममधल्या राइप एनसीसीकडे मागणी गेली, की रशियन सभासदांचे आयपी पत्ते काढून घ्या. मागणी करणाऱ्यांच्या शहरांवर त्या वेळी क्षेपणास्त्रं पडत होती, हे विसरून त्या पत्राकडे बघता येत नाही. तरीही दोन्ही संस्थांनी नकार दिला. आयकॅनचं उत्तर २ मार्चला आलं, मुख्याधिकाऱ्याच्या सहीचं आणि जाहीर. त्यात कारणं होती. एकतर्फी डोमेन तोडणं हे आमच्या कार्यकक्षेत नाही, एकदा असं केलं की या व्यवस्थेवरचा जगाचा विश्वास जाईल, आणि यात रशियातल्या सामान्य माणसाचाच बाहेरच्या बातम्यांशी संबंध तुटेल. त्याच पत्रात युक्रेनच्या लोकांबद्दलची काळजी होती, आणि काही दिवसांतच आयकॅनने संकटकाळात इंटरनेट चालू ठेवायच्या मदतीसाठी १० लाख डॉलर बाजूला काढले. तिथे कोणी ‘आम्ही राजकारण करत नाही’ म्हणून हात झटकले नाहीत. नकार लवकर दिला, सकारण दिला, नावानिशी दिला.

राइप एनसीसीची गंमत पुढे आहे. (गंमत म्हणायला तसं जिवावर येतं.) ती नेदरलँड्समधली संस्था, त्यामुळे युरोपीय संघाचे निर्बंध तिला लागू. आयपी पत्त्यांची नोंदणी ही डच सरकारच्या लेखी आर्थिक साधनसंपत्ती ठरली. म्हणून निर्बंधांच्या यादीतल्या सभासदांची नोंदणी ती गोठवते: नवे पत्ते नाहीत, हस्तांतर नाही. पण आधीचे पत्ते काढून घेत नाही, आणि कितींवर अशी कारवाई झाली त्याचे अहवाल प्रसिद्ध करते. कायद्याने भाग पडतं तेवढंच ती करते आणि ते उघड करते. ‘आम्ही तटस्थ’ आणि ‘आम्हाला कायदा लागू आहे’ ही दोन्ही वाक्यं एकाच संस्थेला एकाच श्वासात बोलता येतात, फक्त दुसरं वाक्य लपवायचं नाही.

तेव्हा डाउनलोडबंदीच्या मागणीला माझं उत्तर स्पष्ट आहे: नाही म्हणा. तुमचं सॉफ्टवेअर ज्यांच्यासाठी आहे ते दोन्ही देशांतले साधनं नसलेले लोक आहेत, आणि सरकारच्या हातात नसलेली संपर्काची वाट हवी असलेले लोक हल्लेखोर देशातही असणारच, कदाचित जास्तच. शिवाय सैन्याला तुमचा सर्व्हर लागत नाही. कोड मुक्त आहे, कुठल्याही प्रतीवरून तो घेता येतो. बंदीचा फटका बसेल तो आडवाटा माहीत नसलेल्याला. मार्च २०२२ मध्ये नोड-आयपीसी या, इतर सॉफ्टवेअरमध्ये वापरल्या जाणाऱ्या तयार पॅकेजच्या कर्त्याने रशिया आणि बेलारूसचे आयपी पत्ते दिसले की संगणकावरच्या फायली पुसणारा कोड त्यात घुसवला होता. भावना समजू शकते. पण त्यानंतर कित्येकांनी त्या पॅकेजवरच नव्हे, तर आपण वापरत असलेल्या इतरांच्या तयार कोडवरही संशयाने बघायला सुरुवात केली. तुमचा नकार मात्र तुमच्या सहकाऱ्यांना दोन ओळींच्या ईमेलने कळता कामा नये. बोला, तासभर ऐकून घ्या, मग कारणांसह लिहून द्या. आणि नकाराबरोबर काहीतरी हातात ठेवा: सर्व्हर हलवायला मदत, त्यांच्या अडकलेल्या कामाची जबाबदारी दुसऱ्या कोणीतरी उचलणं, उपकरणांसाठी निधी.

आता पत्रक. बैठकीत तुमच्या तोंडावर फेकलेलं ते दोन वर्षांपूर्वीचं पत्रक तुम्हाला लाजिरवाणं वाटलं. मी तुमच्या जागी असतो तर ते नीट वाचलं असतं, कारण या घडीला तुमच्याकडचा सगळ्यात उपयोगी कागद तोच आहे. तुम्ही पत्रासोबत जो मजकूर पाठवलात त्यात त्या देशावर कोणी राज्य करावं याबद्दल चकार शब्द नाही. नागरिकांचं संपर्काचं साधन तोडणं चूक, एवढंच त्यात आहे. म्हणजे तुमची मोजपट्टी आधीच तयार आहे. नेटवर्क तोडली जातात, ती उभारणारी माणसं धोक्यात येतात, तेव्हा तुमची संस्था बोलते. तीच पट्टी आज लावा. हल्ल्यात संपर्कयंत्रणा उद्ध्वस्त होत असतील तर तसं म्हणा आणि कोणाच्या हल्ल्यात, तेही म्हणा. जगाने पाहिलेली गोष्ट नाव घेऊन सांगणं म्हणजे बाजू घेणं नव्हे. उलट ‘दोन्ही बाजूंनी संयम पाळावा’ छापाची गुळमुळीत वाक्यं मारणारा आणि मार खाणारा यांना एका रांगेत बसवतात, आणि ती वाचून तुमचा पहिला गट उठून गेला तर मी त्यांना दोष देणार नाही. पण तो देश, त्याची संस्कृती, त्याचे लोक यांच्यावर ताशेरे नकोत, आणि युद्ध कसं संपावं याचा सल्ला नको. ते तुमचं काम नाही आणि त्यातलं तुम्हाला इतरांपेक्षा जास्त काही कळतही नाही.

ढोबळ मसुदा असा होऊ शकेल: ‘अमुक देशाने तमुक देशावर केलेल्या हल्ल्यात नागरिकांची संपर्कयंत्रणा नष्ट होत आहे. ती उभारणारे आमचे सहकारी संकटात आहेत. त्यांना आम्ही पुढीलप्रमाणे मदत करत आहोत. नागरिकांचा संपर्क तोडण्याला, मग तो कोणीही तोडो, आमचा विरोध आहे. आमचं सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं राहील. हे पत्रक कार्यकारिणीचं आहे; आमच्या कोणत्याही स्वयंसेवकाने ते लिहिलेलं नाही आणि त्यावर कोणाचीही वैयक्तिक संमती घेतलेली नाही.’ शेवटचं वाक्य रुक्ष वाटेल, पण ते त्या मेंटेनरसाठी आहे.

न बोलण्याचाही पर्याय आहे, पण तो ठरवून घ्यावा लागतो. २०२१ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन हे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मंडळावर परतले, त्यावरून मोठं वादळ उठलं. डेबियन या स्वयंसेवकांच्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पात जाहीर निषेधापासून पाठिंब्यापर्यंतचे पर्याय मतदानाला ठेवले गेले आणि जिंकला तो ‘डेबियन या विषयावर जाहीर निवेदन काढणार नाही’ हा पर्याय. नाराज लोक नाराजच राहिले, पण ‘मंडळी घाबरून गप्प बसली’ असं कोणाला म्हणता आलं नाही. तुम्ही मौनाच्या बाजूला झुकत असाल तर तोही ठराव करा, कारण इतिवृत्तात येऊ द्या. माझं स्वतःचं मत, की दोन वर्षांपूर्वी बोलून आज गप्प बसणं तुम्हाला जड जाईल.

ठराव करताना कार्यकारिणीतल्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारा: हेच ज्या देशातून आपला निधी येतो त्या देशाने केलं असतं तर आपण हेच लिहिलं असतं का? उत्तर ‘नाही’ असेल तर मसुदा बाजूला ठेवा. हा प्रश्न हवेतला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं काम बघणाऱ्या पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनने अमेरिकी सरकारच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडच्या १५ लाख डॉलरच्या अनुदानाचा आपला प्रस्ताव मागे घेतला, कारण विविधता आणि समावेशनाच्या उपक्रमांवर बंधन घालणारी अट त्या प्रकल्पापुरती नव्हती, ती संस्थेच्या सगळ्याच कामाला लागू होत होती. वर्षाचा खर्च सुमारे ५० लाख डॉलर असलेल्या संस्थेने ते पैसे सोडले. तुम्हीही असंच करावं असं मी म्हणत नाही, तेवढी ताकद प्रत्येकात नसते. पण पैसे देणाऱ्याच्या शत्रूंवरच तुमची जीभ चालते, असं दिसू लागलं तर पुढच्या पत्रकाला कोणी विचारणार नाही.

आणि कार्यकारिणीत त्या दोन देशांपैकी कोणाचा नागरिक असेल, तर हितसंबंधांचं कारण देऊन त्याला मतदानातून वगळायची सूचना येईल. ती मान्य करू नका. पासपोर्ट हा हितसंबंध नाही. त्याला स्वतःहून बाजूला राहायचं असेल, सुरक्षिततेसाठी किंवा मनःशांतीसाठी, तर ती मुभा द्या आणि कारण विचारू नका.

आता त्या मेंटेनरकडे. ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या प्रकल्पात, काय झालं ते तुम्ही बहुधा ऐकलं असेल, पण तपशील बघण्यासारखे आहेत. मेंटेनरांच्या यादीतून सुमारे डझनभर नावं काढणारा एक छोटासा पॅच (कोडमधला बदल) आला. ती माणसं रशियाशी संबंधित होती. सोबतच्या टिपणीत एवढंच, की अनुपालनाच्या (कायदे-नियम पाळण्याच्या) विविध गरजांमुळे काही नोंदी काढत आहोत आणि पुरेशी कागदपत्रं दिली तर त्या परत येऊ शकतील. कुठला कायदा, कसली कागदपत्रं, कोणाला द्यायची, काही नाही. आधी चर्चाही नाही. लोकांनी विचारल्यावर लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी निर्णयाचं समर्थन केलं, तेही चढ्या आवाजात आणि आपण फिनिश आहोत याचा दाखला देत. काही दिवसांनी दुसऱ्या एका ज्येष्ठ मेंटेनरने नीट खुलासा केला, की ज्यांची कंपनी अमेरिकेच्या निर्बंध यादीत आहे किंवा यादीतल्या कोणाच्या मालकीची आहे, त्यांच्यासाठी ही बंधनं आहेत. हा खुलासा पहिल्या दिवशी आला असता तर राग कमी झाला असता का, सांगता येत नाही. पण कायद्याची सक्ती कुठे संपते आणि व्यक्तीचा राग कुठे सुरू होतो, हे लोकांना कळेनासं झालं, आणि ते नुकसान टाळता येण्याजोगं होतं.

म्हणून वकिलांच्या ‘कदाचित अधिकारही’ या दोन शब्दांवर समाधान मानू नका. लेखी विचारा: कोणत्या देशाचा कोणता नियम? यादीत नाव कोणाचं आहे, या माणसाचं, त्याच्या नोकरीच्या कंपनीचं की त्याच्या बँकेचं? अडचण फक्त पैसे पाठवण्याची आहे, की त्याचा पॅच स्वीकारायचीही? ही दोन फार वेगळी प्रकरणं आहेत, आणि धास्तावलेले वकील दोन्हींना एकच कुलूप घालतात. परवानगी मागायची सोय आहे का, तेही विचारा. कोड ठेवायची आणि त्यावर एकत्र काम करायची सेवा देणाऱ्या गिटहब या कंपनीने २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराणमधल्या खात्यांवर बंधनं घातली, पण कंपनीने पाठपुरावा करून जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या डेव्हलपरांसाठी अमेरिकी सरकारकडून परवाना मिळवल्याचं जाहीर केलं. तुमची संस्था गिटहबएवढी मोठी नाही, पण अर्ज करायला मोठं असावं लागत नाही. यातून जे निष्पन्न होईल तेवढंच करा, त्याहून बोटभरही जास्त नको. आणि कारवाई करावीच लागली, तर ती त्याला इतरांच्या आधी, तुमच्या तोंडून कळली पाहिजे. त्याच्या कामाचं श्रेय यादीत राहू द्या. ते काढायला सहसा कोणताच कायदा सांगत नाही.

पत्रकाबाबत त्याला नकाराधिकार आहे का? माझ्या मते नाही, जसा हल्ला झालेल्या देशातल्या गटाला तुमच्याकडून हवे तेच शब्द काढून घ्यायचा अधिकार नाही. पण त्याची भीती खरी आहे. मार्च २०२२ मध्ये बेलारूसमधल्या मिन्स्कमध्ये एका विकिपीडिया संपादकाला अटक झाली, आधी त्याची वैयक्तिक माहिती टेलिग्रामवर फिरवली गेली होती. तेव्हा पत्रक काढण्याआधी त्याला वेळ द्या. संकेतस्थळावरून नाव, छायाचित्र, देश काढायचा असेल तर काढा, टोपणनावाने काम करायचं असेल तर करू द्या. काही महिने पूर्ण बाजूला राहायचं म्हणाला तर जागा राखून ठेवा. हे सगळं त्याच्यापुरतं करू नका, सर्व देशांतल्या स्वयंसेवकांना एकदमच ही सोय जाहीर करा, म्हणजे कोणी मागितली ते उठून दिसणार नाही.

संस्थेच्या ऑनलाइन गप्पांच्या चॅनेलवरच्या बोलण्याबद्दल थोडंसं. स्वयंसेवकांना स्वतःच्या नावाने, स्वतःच्या जागी, वाटेल ते बोलायची मोकळीक असू द्या. संस्थेच्या चॅनेलवर कोणी ‘तुम्ही सगळे तसलेच’ म्हणून एखाद्याच्या देशावर घसरला तर आचारसंहिता लावा, मग तो बॉम्बवर्षावाखाली असला तरी. त्याला समजून घेऊन लावा, पण लावा. बॉम्बवर्षावाखालचा माणूस रागावलाय म्हणून त्याच्या पॅचचं परीक्षण रेंगाळता कामा नये, हेही तितकंच.

एवढं सगळं करूनही काही जण जातील. पहिल्या गटातले काही म्हणतील की तुम्ही डाउनलोड चालू ठेवून पाठीत खंजीर खुपसलात, दुसरीकडचे काही म्हणतील की पत्रकात नाव घ्यायची गरज नव्हती. त्यांची मनधरणी करत बसू नका आणि त्यांची खातीही बंद करू नका.

या आठवड्यात कामाला सुरुवात त्या मेंटेनरपासून करा, मग हल्ला झालेल्या देशातला गट, मग कार्यकारिणीची बैठक. फक्त त्याच्याशी बोलताना संस्थेच्या ईमेलवरून लिहू नका. कुठल्या माध्यमावर बोलणं त्याला सुरक्षित वाटतं, ते आधी त्यालाच विचारा, आणि तो ‘आत्ता नको’ म्हणाला तर त्याच्या वेळेपर्यंत पत्रकाचा मसुदा कोणालाही पाठवू नका.